तुझ्या बाराव्याचा स्वयंपाक

वने,

अंकिताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली तुझी लेक. आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." शब्द निघून गेल्यावर मी जीभ चावली. पलीकडून पोरगी म्हणाली, "हो ना गं." मग दोघीही फोनवर रडलो. टेबलासमोर एक गृहस्थ दाखल्यासाठी उभे होते. ते बिचारे आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवून लांब जाऊन उभे राहिले.

हे आधीच सांगून टाकते, कारण गोल गोल बोललेलं तुला कधी चाललं नाही. तू गेलीस आणि मला हायसं वाटलं. कित्येक महिने तुझ्या पोटात नळी होती. तिच्यातून ते पांढरं पावडरचं पाणी जायचं आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. गळ्याच्या कॅन्सरने आवाज बसवला होता, रेडिएशनचे शेक देऊन देऊन जिभेची चव गेली होती. शिरगावला तुझ्या घरी जमलेल्या बायका "सुटली, सुटली" म्हणत होत्या. एरवी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण लोक तो कुणाच्याही मरणाला लावतात. या वेळी मीही मान हलवली.

पण हायसं वाटण्याचं तेवढं एकच कारण नाही. आपलं शेवटचं भांडण तुझ्या बाराव्याच्या जेवणावरून झालं होतं, आणि ते तसंच टाकून तू गेलीस. त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगायचंय. पहिल्यापासून सांगते. मी नेहमी गोष्ट मधूनच सुरू करते अशी तुझी तक्रार होती ना.

तत्त्वज्ञान आपण दोघींनी निवडलं नव्हतं. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात बाकी विषयांच्या जागा भरल्या होत्या, खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, "फिलॉसॉफी है, लेना है तो लो." तू बदलापूरहून आलेली आगऱ्यांची पोर, मी अंबरनाथहून आलेली बौद्धांची. दोघींच्याही घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पुढे माझा निकाल लागला तेव्हा आप्पांनी कंपनीत पेढे वाटले. सुपरवायझरने विचारलं, "पोरगी कशात बीए झाली?" तर माझा बाप ताठ मानेने म्हणाला, "विचार करण्यात." हे मी आजही लोकांना सांगते, आणि सांगताना आवाज थोडा मोठा होतो माझा. होऊ दे.

आपले सर सिंधी. घरची कापडाची गादी भावांनी सांभाळलेली, हे एकटे शिकवण्याकडे वळलेले. पण दुकान त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. पूर्वपक्ष समजावताना काय म्हणायचे, आठवतंय? "देखो बेटा, सामनेवाले को हराना है ना? तो पहले उसका माल खोलो. पूरा थान खोलो, बढ़िया करके दिखाओ. उसके बाद बोलो कि खराब है. बंद थान को खराब बोलेगा तो ग्राहक हँसेगा." म्हणजे ज्याला खोडायचं, त्याचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे. मी हे वहीत उतरवून घेतलं. तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "सर, कपड्यापेक्षा जेवणावर सांगितलं तर लवकर कळेल."

तेव्हापासून तू सगळं जेवणावर नेलंस. प्रत्यक्ष म्हणजे चमचा जिभेवर ठेवणं. अनुमान म्हणजे झाकण न काढता वासावरून ओळखणं की खाली लागलंय. शब्दप्रमाण म्हणजे आई ओट्यावरून ओरडते, "मीठ घातलंय गो," त्यावर विश्वास ठेवणं. परीक्षेतही तू हेच लिहिलंस. सर पेपर वाटताना म्हणाले, "इस लड़की ने पेपर में दाल जला दी, और फिर भी सबसे ज़्यादा मार्क ले गई." माझे तुझ्यापेक्षा कमी होते. मी तीन-चार दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. डाळीला मार्क मिळतात आणि माझ्या एवढ्या पाठांतराला नाही, याचा राग.

खरी गंमत तुझ्याकडेच होती. आगऱ्याच्या घरात जन्मलीस आणि लहानपणापासून मासे खाल्ले नाहीस. कोणी बंदी केली नव्हती. नाही आवडले म्हणून नाही खाल्ले. लग्न होऊन शिरगावला आलीस तर दीपकभावजींना मासळीशिवाय घास उतरायचा नाही. आणि तुझ्या हातचं चिंबोरीचं कालवण खायला त्यांची आख्खी भावकी यायची. तू ते चाखायचीही नाहीस. मी एकदा विचारलं, "तुला जमतं कसं?"

"मला आवडत नाही म्हणूनच जमतं," तू म्हणालीस. "आवडलं असतं तर माझ्या जिभेपुरतं केलं असतं. आता मला दुसऱ्याच्या जिभेने विचार करावा लागतो."

"म्हणजे पूर्वपक्ष."

"मग काय! आपले सर कापडाचे थान उघडत बसले. मी रोज शिजवते."

ही तुझी मोठी गोष्ट. विचार करणं म्हणजे नुसतं आपल्या पसंतीचं ताटात वाढून घेणं नाही, न आवडणारंही नीट शिजवून बघणं, असं तू धरून बसली होतीस. मी ऐकायचे, मान डोलवायचे, आणि मग माझ्यापाशी गाडी अडायची. कारण तू तुझं शास्त्र मासळीवर थांबवलं नाहीस. देवावर आणलंस.

गौरीच्या त्या वर्षीचं सांगते. तुझ्या सासूबाईंचा हात फ्रॅक्चर, घरात बाई नाही, तू मला सुट्टी काढायला लावून बोलावलंस. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो हे मला माहीत होतं, पण आमच्या घरी नैवेद्यच नाही, त्यामुळे हाताला सवय नव्हती. वालाचं बिरडं गॅसवर. तू मीठ घातलंस आणि अळूची पानं आणायला मागे गेलीस. मला वाटलं, घाईत राहिलं. मी घातलं. चाखून बघायची सोय नाही, आणि मी काही मागच्या दारी जाऊन विचारलं नाही. गौरीपुढे पान ठेवलं, आरती झाली, पंगत बसली. पहिला घास दीपकभावजींनी घेतला आणि ते पाण्याच्या तांब्याकडे असे वळले की मी समजले.

"दोघींनी घातलं वाटतं," तू हळूच म्हणालीस.

"देवीने सांगितलं नाही काही?" मी तितक्याच हळू म्हटलं.

गळ्यात हात बांधलेल्या तुझ्या सासूबाई खाटेवरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गौरीनं खाल्लान ना? मंग तुमी पन खा. पानी पिऊन खा." आणि सगळ्यांनी खाल्लं. मी आत ओट्याशी जाऊन तोंडात पदर कोंबून हसले, आणि तू माझ्या पाठीत गुद्दा घातलास.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तुला तेच बिरडं ऐकवत राहिले. म्हटलं, चाखायची बंदी असलेला स्वयंपाक आणि प्रश्न विचारायची बंदी असलेला विचार, दोन्ही असेच खारट होणार. तू म्हणायचीस, "एवढी वर्षं न चाखता केलेला नैवेद्य कधी बिघडला नव्हता. अंदाज असतो बाईच्या हाताला."

"अंदाज कुठून आला? आधी हजारदा चाखूनच ना?"

"आला चाखून. पण आता हाताला येतो की नाही? मग तेव्हा एक दिवस जिभेला सुट्टी दिली तर तुझं काय गेलं?"

 मग मी चिडायचे. आणि चिडले की तू ते बोलायचीस, जे मला लागायचं. "विशे, तू माझा देव कधी शिजवलाच नाहीस. तसाच कच्चा फेकून देतेस. आणि म्हणतेस बेचव आहे."

एकदा मी तुला सरळ सांगितलं. म्हटलं, वने, ज्या चुलीजवळ माझ्या आजीला कोणी उभं केलं नाही, तिच्यावरचं शिजवायला मी कशाला शिकू? तू गॅस बारीक केलास. मग म्हणालीस, "हे तुझं बरोबर आहे." आणि झाकण ठेवता ठेवता, "पण तू आत्ता माझ्या चुलीजवळ उभी आहेस."

होते. तेही खरं होतं. पहिल्यांदा तुझ्या सासरी आले तेव्हा तू मला हाताला धरून थेट आत नेलं होतंस. सासूबाईंनी अडवलं नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी निघेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. तू म्हणायचीस त्यांचे पाय दुखतात, भिंतीला टेकतात. मी म्हणायचे, पाय दुखणारं माणूस बसतं. पुढे येणं-जाणं वाढलं, त्या मला "विशाखा" म्हणायला लागल्या, माझ्यासाठी पावसाळ्यातल्या रानभाज्या बाजूला काढून ठेवायला लागल्या. तरी तो दारातला पहिला दिवस मी कुठेतरी ठेवून दिला होता. तुलाही माहीत होतं.

मग दुखणं आलं.

चव गेली तेव्हा तू मला जी कामगिरी दिलीस ती मी विसरणार नाही. दर रविवारी मी अंबरनाथहून यायचे. तू बिछान्यावरून मला ओट्याशी पाठवायचीस. अंकिता आणि मी काहीतरी करायचो, तू सांगशील ते, आणि वाटीत घेऊन मी तुझ्याजवळ बसायचे. तू घोगऱ्या आवाजात म्हणायचीस, "चाख आणि सांग."

पहिल्यांदा मी म्हटलं, "छान झालंय."

तू अशी चिडलीस! आवाज नव्हता तर उशीवर हात आपटलास. "छान ही चव नाही. ते तुझं मत झालं. चव सांग."

मग मी परत घास घेतला आणि डोळे मिटले. म्हटलं, आधी ओलं खोबरं लागतंय. मग आमसुलाचा आंबटपणा, कडेकडेने. वालाचा कडूपणा सगळ्यात शेवटी येतोय, गिळल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला. तू डोळे मिटून ऐकत होतीस. तुझा गळा हलला, रिकामाच. "गूळ?" तू विचारलंस. थोडा जास्त झालाय, मी म्हटलं. "अंकिताने घातला असणार," आणि तू हसलीस.

आयुष्यभर मी बोलण्याचा धंदा केला. अर्ज वाचले, टिपण्या लिहिल्या, समाजाच्या कार्यक्रमात भाषणं केली. पण एक घास तोंडात असताना खरं काय आहे तेवढंच बोलणं, ना कमी ना जास्त, हे मला त्या रविवारी करावं लागलं. आपल्या अख्ख्या कोर्समध्ये तेवढं कठीण काही नव्हतं. तुझ्याकडे तेव्हा प्रत्यक्ष उरलं नव्हतं, अनुमानही नाही. नुसता शब्द होता, तोही माझा. मी खोटं बोलले असते तर तुला कळलं नसतं. म्हणून बोलले नाही. त्या रविवारांबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता मानते.

आणि अशाच एका रविवारी तू ते मागितलंस.

"विशे. माझ्या बाराव्याचं जेवण तू करायचं."

मी म्हटलं, गप्प बस.

"मी गप्पच बसणार आहे. तू ऐक. पान माझ्यासाठी काढतील, ते तुझ्या हातचं पाहिजे."

मग मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, वने, माझे आजोबा गेले तेव्हा आप्पांनी गावात पिंड ठेवू दिला नाही. लोक म्हणाले, म्हातारा तळमळत राहील, तुला सुख लागणार नाही. आप्पा तरुण होते, त्यांचाच बाप होता तो. त्यांना आतून काय झालं असेल? तरी ते हटले नाहीत. आम्ही प्रतिज्ञा घेऊन ते सोडलंय. चुकून सुटलेलं नाही.

"मी मानायला कुठे सांगते? रांधायला सांगते."

"एकच आहे ते."

"मग मी जन्मभर मासे मानत होते का?"

मी "नाही" म्हणाले. कशाला नाही, तेही स्पष्ट केलं नाही. पर्स उचलली आणि रिक्षा पकडली. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. वाटी, घास, चव, सगळं चालू. पण तो विषय कोणीच काढला नाही. तू माझ्याकडे बघत राहायचीस आणि मी अंकिताच्या कॉलेजचं काहीतरी काढायचे. मग नळी आली, आणि वाटी बंद झाली.

तू गेल्यावर दहाव्यापर्यंत मी रोज हेच घोळवत होते. कोणाला विचारणार? आप्पा असते तर काय म्हणाले असते ते मला तोंडपाठ होतं. तू काय म्हणशील तेही. मग एका संध्याकाळी मी शिवमंदिराच्या बाजूने चालत घरी येत होते, रस्त्यात बेल-फुलांची दुकानं, लोकांची ये-जा, आणि माझ्या मनात आलं की तुझं म्हणणं मी खरोखरच कधी शिजवून बघितलं नाही. कच्चंच फेकलं. तर एकदा बघू. मी तुझी वकील होऊन चालायला लागले.

मी अशी मांडणी केली. एक बाई कोणासाठी तरी रोज भात लावते. ते माणूस मरतं. दुसऱ्या दिवशी तिचा हात तांदळाच्या डब्यात जातो आणि जुन्याच मापाने बाहेर येतो. हाताला कोणी सांगितलेलं नसतं. आता त्या जास्तीच्या भाताचं काय करायचं? टाकवत नाही, खाववत नाही. मग कोणीतरी म्हणतं, पानावर वाढ, बाहेर ठेव, आणि बारा दिवसांनी माप बदल. चालता चालता मला आठवलं की आप्पा गेल्यावर कितीतरी दिवस मी त्यांच्या वाटणीचं चहाचं पाणी ठेवत होते. कळलं की ओतून द्यायचे. मोरीत. एकटी.

हे मला पटलं नाही, वने. कावळ्यात माणूस येतो हे मला आजही पटत नाही, आणि ज्यांनी या भीतीवर पिढ्यान् पिढ्या आपली पोटं भरली त्यांच्याबद्दलचा माझा राग जराही कमी झालेला नाही. पण पहिल्यांदाच ते कच्चं राहिलं नाही. घरी पोचेपर्यंत माझं नाही कशाला आहे आणि हो कशाला आहे, हे मला वेगवेगळं दिसायला लागलं. तेवढ्याने सुद्धा खांदे हलके झाले.

मी अंकिताला फोन केला. म्हटलं, आजीला विचार, बाराव्याला मी स्वयंपाकाला आले तर चालेल का. पलीकडे कुजबुज झाली आणि सासूबाईंनीच फोन घेतला. "इचारतंस काय? माजे सुनेनं मना कवाच सांगून ठेवलंय. मी तुजी वाट बघत व्हतं. सकालची ये."

सकाळी गेले. दहाव्याला नदीवर सगळं झालेलं होतं, आता घरचं जेवण राहिलं होतं. ओट्यावर वाल सोलून ठेवलेले, लाल भोपळा, तांदूळ निवडलेले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. मी पदर खोचायच्या आधीच म्हटलं, "आई, एक सांगते. मी स्वयंपाक करीन. पण कावळ्याचं पान मी वाढणार नाही. हात जोडणार नाही. राग मानू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या आता फार थकल्यात, वने. तू बघितलंस त्याहून थकल्यात.

"तुना कोन सांगतं वाढाला?" त्या म्हणाल्या. "ता माजा काम हाय. तू मानसांचा रांध, मी तिचा पान काढतं. तुजा तुज्याकडं, माजा माज्याकडं. यान भांडाचा काय हाय?"

इतकं सोपं होतं का गं ते? आपण दोघी बीए होऊन वर्षानुवर्षं भांडलो. पण नाही, इतकंही सोपं नव्हतं, कारण त्या पुढे म्हणाल्या, "तू आलीस नसतीस तर मना वाईट वाटला असता. आनि तू हात जोडलं असतंस, तरी वाईट वाटला असता. ती बोलायची, विशाखा खोटा वागत नाय." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच अंकितावर खेकसल्या, "उभी काय र्‍हायलीस, खोबरा खव!"

बिरडं फोडणीला टाकलं. मीठ घातलं. आणि मी थांबले. कार्याचं जेवण आहे, पान काढायच्या आधी चाखत नाहीत, हे मला माहीत होतं. तुझ्या नणंदबाई दारातच होत्या. मी आपला अंदाज धरून झाकण ठेवायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "चाखलंस?"

"नाही. चालत नाही ना?"

"अगो आये," नणंदबाई म्हणाल्या, "आधी पान काढाचा ना?"

सासूबाई पाटावरून उठल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "इतके म्हैने माजे सुनेच्या तोंडाला चव नव्हती," त्या म्हणाल्या. "न चाखलेला लय झाला या घरान. तू चाख गो. तू गप र्‍हा, आनि भोपला काप."

"तू गप र्‍हा" हे नणंदबाईंना होतं. त्यांनी मुकाट्याने विळी घेतली.

मी पळीतून हातावर थेंब घेतला. बरोबर होतं, वने. मोठ्याने सांगितलं मी, तुला सांगायचे तसंच. खोबरं आधी, आंबट कडेने, वाल मागून. गूळ बेताचा. अंकिता ओट्याकडे पाठ करून रडायला लागली, सासूबाई ऐकत उभ्या राहिल्या. मग त्यांनी केळीचं पान घेतलं, स्वतःच्या हाताने वाढलं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं. मी खिडकीतून बघितलं नाही. कावळा आला की नाही, ते मी विचारलं नाही आणि कोणी मला सांगितलं नाही. त्यांचं ते त्यांच्याकडे राहिलं.

आणि मग पंगत बसली आणि मला भूक लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा लागली. मी ठरवून आले होते की रांधीन, वाढीन आणि निघेन, जेवणार नाही. पण दीपकभावजींनी माझा हात धरून पाटावर बसवलं आणि म्हणाले, "विशाखाताई, तिनं सांगितलंय, विशीला उपाशी धाडलं तर बघा." मी भात दोनदा घेतला. बिरडं तीनदा. बोटं चाटली. माणूस मेल्यावर असं जेवायचं असतं का, हा प्रश्न मनात आला, पण घास तोंडात होता आणि मी तो चावत राहिले.

ओझं उतरणं कशाला म्हणतात ते मला त्या पाटावर कळलं. मला बदलावं लागलं नाही. तुलाही खोटं पाडावं लागलं नाही. तू मागितलेलं मी केलं, आणि आप्पांनी सोडलेलं पुन्हा उचललं नाही. दोन्ही एका सकाळीत मावलं. मावेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तुला बहुतेक वाटलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार आहेच. तुला आधीपासून कळलं होतं तर मला सरळ सांगायचंस. पण तू सांगितलं असतंस तर मी ते ऐकून घेतलं असतं आणि विसरले असते, हेही मला कळतं.

भांडण मिटलेलं नाही, लक्षात ठेव. न चाखता रांधलेल्या अन्नाबद्दल माझं मत तेच आहे. हाताच्या अंदाजाबद्दल तुझं म्हणणं मी अजून पूर्ण शिजवलेलं नाही, त्यावर मला वेळ लागेल. आता उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणजे तुझीही बाजू मलाच मांडावी लागणार. मांडीन. तू मांडली असतीस त्याहून थोडी चांगलीच मांडीन, सर बघत आहेत असं समजून.

निघताना चपला घालत होते तर अंकिता मागे आली. "मावशी, रविवारी येणार ना गं?"

मी म्हटलं, "कशाला येऊ? भांडायला आता आहे कोण इथं?"

आतून, स्वयंपाकघरातून, तुझ्या सासूबाईंचा आवाज आला.

"मी हाय ना."